ट्रेनरच्या ट्रकमध्ये चार आठवडे: सामान किती न्यावं?

नवा_चालक

नमस्कार मंडळी. परवाना हातात पडला, आवारातला सराव संपला. पुढच्या सोमवारपासून चार आठवडे ट्रेनरबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावर. चालवणं, झोपणं, खाणं सगळं त्यांच्याच ट्रकमध्ये. "सामान कमी आणा" एवढीच सूचना मिळाली आहे. कमी म्हणजे किती, हे कुणी सांगेना.

काल रात्री न्यायचं ते सगळं पलंगावर मांडलं. सहा पँटी, दहा शर्ट, दोन जाकिटं, बूट-चपलांचे तीन जोड, उशी, जाड रजई, लॅपटॉप, पान्ह्यांची पेटी, पाणी तापवायची किटली, चार पुस्तकं. चाकांची मोठी सूटकेस गच्च भरली, सॅक भरली, तरी रजई बाहेरच. कमी करायला बसलो की प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर वाटतं, नेमकी हीच लागली तर? ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

लांबचा_पल्ला

अभिनंदन! मी शिकाऊ चालकांना सोबत घेऊन फिरतो, त्यामुळे तुमच्या बॅगेकडे दुसऱ्या बाजूने बघणाऱ्या माणसाचं म्हणणं सांगतो.

आधी किलोचा विचार सोडा. कित्येक टन माल ओढणाऱ्या गाडीला तुमचे दहा किलो जास्त झाले काय नि कमी झाले काय. ट्रकमध्ये संपते ती जागा. केबिन बाहेरून भली थोरली दिसते, पण आत दोन सीट, मागे दोन बर्थ आणि मध्ये एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल एवढी जमीन. खालच्या बर्थखालचा कप्पा आणि वरची कपाटं ट्रेनरच्या सामानाने आधीच भरलेली असतात, कारण तो वर्षातले बहुतेक दिवस तिथेच राहतो. तुमच्या वाट्याला वरचा बर्थ येतो. त्याची रुंदी सहसा ६० ते ८० सेंमी. बॅग ठेवायची ती त्याच्याच पायथ्याशी, आणि पाय पसरायचे ते उरलेल्या जागेत. ५५ × ३५ × २० सेंमीची मऊ कापडी बॅग घ्या, साधारण ३८ लिटरची. मऊ बॅग कोपऱ्यात दाबून बसते, निम्मी रिकामी झाली की चपटी होते. सूटकेस भरलेली असो वा रिकामी, जागा तेवढीच खाते.

एका मुलाने माझ्याकडे कडक कवचाची सूटकेस आणली होती. मी त्याला "चालेल" म्हटलं, ही चूक माझी. दिवसा ती खालच्या बर्थवर, रात्री ड्रायव्हरच्या सीटवर, मधल्या वेळात कुठेतरी उभी. दिवसातून चार वेळा तिची जागा बदलायची. तिसऱ्या दिवशी त्याला जोरात ब्रेक लावावा लागला आणि ती सरकत येऊन दोन सीटांच्या मध्ये, थेट गिअरच्या दांड्यावर आदळली. गाडी सावरली, कुणाला लागलं नाही. पण त्या पोराचे हात पुढे तासभर थरथरत होते आणि त्या दिवशी शिकायचं ते राहूनच गेलं.

याहूनही मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे सांगतो. बॅग भरून झाली की खोलीतला दिवा बंद करा, डोळे मिटा आणि मोजे, टॉर्च, औषध, कोरडा शर्ट एकेक करून बाहेर काढा. आवाज न करता. जमलं तर तुमचं सामान बेताचं आहे. उपसाउपशी करावी लागली तर ते जास्त आहे, मग बॅग कितीही लहान असो.

एवढा आग्रह का? पहाटे तीनला तुम्ही उठता तेव्हा दोन हातांवर दुसरा माणूस झोपलेला असतो. त्याची झोप मोडली तर सकाळी तुमच्या शेजारच्या सीटवर अर्धवट झोपेतला ट्रेनर बसतो, आणि तुम्ही त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भरलेली गाडी लांब उतारावरून खाली नेत असता. तेव्हा त्याचे डोळे उघडे हवेत, तुमच्यासाठीच.

प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका, अंधारात त्यांच्या चुरचुरीएवढा त्रासदायक आवाज दुसरा नाही. वेल्क्रोचंही तेच. कापडी पिशव्या शिवून घ्या, प्रत्येकीचं कापड वेगळं: एक खरखरीत, एक गुळगुळीत, एक फ्लॅनेलची. हाताला लगेच कळतं.

दुसरा_गिअर

माझं ट्रेनिंग दोन महिन्यांपूर्वी संपलं, त्यामुळे सगळं ताजं आहे. कपड्यांचं सांगतो. आठवड्यातून एकदा धुण्याची सोय होतेच, म्हणून चार आठवडे असले तरी सामान एका आठवड्याचंच धरायचं. तेसुद्धा पूर्ण सात दिवसांचं नको. मी नेलं ते: अंतर्वस्त्रं पाच, मोजे पाच जोड, शर्ट तीन, पँटी दोन, झोपायचा एक जोड. पैकी एक पँट आणि एक शर्ट कायम अंगावर. मोजे, अंतर्वस्त्रं रोज रात्री धुवून वाळत घालायची सवय लावली की पाचही जास्त होतात.

जीन्स नेऊ नका, एवढं ऐकाच. जाड सुती कापड ओलं झालं की दोन दिवस वाळत नाही, आणि बंद केबिनमध्ये ओल्या कापडाचा वास सगळ्यांच्या डोक्यात जातो. पॉलिस्टर मिसळलेली पातळ पँट रात्रभरात वाळते. मोजे लोकरीचे परवडत असतील तर उत्तम, लोकर घामाचा वास लवकर धरत नाही. टॉवेल पंच्यासारखा पातळ.

थंडीसाठी एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये ऊब धरणारा, वर वारा-पाऊस अडवणारा. केबिनमध्ये हीटर असतो, बाहेर दोर आवळायला उतरलात की बोचरा वारा, परत आत आलात की ऊब. दिवसातून दहा वेळा हे होतं. जाड जाकीट अंगावरही नकोसं होतं आणि ठेवायलाही जागा नसते.

नवा_चालक

पल्लाकाका, दुसरा_गिअर, दोघांचे मनापासून आभार. सूटकेस माळ्यावर टाकली, बहिणीची कापडी बॅग मागून घेतली. आता विजेचं कुणी सांगेल का? फोन, लॅपटॉप, किटली हे सगळं चालेल ना?

फ्यूज

या विषयावर मला लिहायलाच हवं, कारण दर वेळी कुणीतरी सॉकेटचा फ्यूज उडवतंच.

ट्रेनरला आधी विचारा की गाडी १२ व्होल्टची की २४ची. दोन्ही प्रकार जगात सर्रास आहेत. चार्जर घेताना त्यावर "१२–२४ व्होल्ट" छापलेलं बघून घ्या, म्हणजे कुठल्याही गाडीत चालतो. फक्त १२चा चार्जर २४च्या सॉकेटमध्ये घातला तर जळू शकतो.

आता किटली. डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला सहसा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, तेव्हा हाती लागतात १२० ते १८० वॅट. घरची किटली १५०० ते २००० वॅट मागते. ती इन्व्हर्टरवर लावायची म्हटली तर बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर करंट खेचला जाईल. ट्रेनरच्या इन्व्हर्टरला हात लावायचा नाही, त्या वायरिंगचा हिशेब त्याने स्वतःच्या गरजेपुरता केलेला असतो. गाडीत चालणारी छोटी १५० वॅटची किटली मिळते, पण गणित करून बघा: अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला साधारण १६७ किलोज्यूल लागतात, म्हणजे एक थेंबही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी १८–१९ मिनिटं. प्रत्यक्षात पंचवीसच्या पुढे. त्यापेक्षा चांगला थर्मास न्या. जिथे थांबाल तिथे गरम पाणी भरून घ्या.

पेटती चूल, गॅसचा छोटा बर्नर, असलं काहीही केबिनमध्ये लावायचं नाही. जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. इथे मी कुणाचंही "आम्ही तर नेहमी लावतो" ऐकून घेणार नाही.

पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरते. तिच्यात सुमारे ३७ वॅट-तास असतात, वाटेतली गळती धरून आजकालचा मोठा फोन दीड वेळा भरतो. तुम्ही तर चालत्या गाडीत बसणार, रोज चार्ज करता येईल. २०,०००ची वीट कशाला? आणि ती डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. लॅपटॉपबद्दल मी काही बोलत नाही, पण चार आठवड्यांत तो उघडायला वेळ मिळाला असं सांगणारा शिकाऊ मला अजून भेटलेला नाही.

लांबचा_पल्ला

फ्यूजभाऊ, चुलीचं लिहिलंत ते फार बरं झालं.

एक पुरवणी: झोपताना श्वासाचं सीपॅप यंत्र वापरणारे चालक पुष्कळ असतात. असेल तर ते बिनदिक्कत न्या. त्याला जागा करून देणं हे ट्रेनरचं काम आहे. फक्त आधी सांगा, आणि गाडीच्या सॉकेटवर थेट चालणारी त्याची डीसी वायर मिळते ती घ्या. त्यातलं पाणी तापवणारं ह्युमिडिफायर बंद ठेवलं की वीज बरीच कमी लागते. लाजून यंत्र घरी ठेवून येणारा माणूस रात्रभर गुदमरत झोपतो आणि दुपारी स्टेअरिंगवर पेंगतो. सामान कमी करा म्हणजे झोप कमी करा असं मी म्हणत नाही.

जुनं_स्टेअरिंग

सगळ्यांचं वाचलं. पादत्राणांवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

दोनच जोड. एक घोट्यापर्यंतचे बूट, तळ तेलावर न घसरणारा, मागे थोडी टाच असलेला. टाच अशासाठी की पायरीच्या दांडीवर पाय अडकतो, सटकत नाही. दुसऱ्या साध्या स्लिपर, आंघोळीला जायला. स्लिपर घालून गाडी चालवायची नाही आणि काढलेली स्लिपर पायांशी टाकायची नाही. ती ब्रेकच्या पेडलखाली गेली की काय होतं ते सांगायला नको. बूट नवे कोरे असतील तर आजपासून घरात घालून फिरा. नव्या बुटांनी टाच सोलली की क्लच दाबताना दर वेळी आठवण होते.

केबिनमध्ये चढताना तीन आधार कायम हवेत: दोन हात नि एक पाय, किंवा दोन पाय नि एक हात. म्हणून बॅग हातात धरून चढू नका. आधी दार उघडून बॅग वर सीटवर ठेवा, नाहीतर कुणाला तरी वर द्या, मग मोकळ्या हातांनी चढा. उतरताना तोंड गाडीकडे. बॅग खांद्याच्या उंचीपर्यंत एका झटक्यात उचलता येत नसेल तर ती जड आहे, या एकाच ठिकाणी मी पल्लासाहेबांच्या उलट किलोचा विचार करायला सांगेन.

हातमोजे मात्र दोन जोड न्या. एक डिझेल, ग्रीस, दोर, साखळ्या यांच्यासाठी, तो बाहेरच्या पेटीत राहील, अंथरुणावर कधीच येणार नाही. दुसरा स्वच्छ.

पान्ह्यांची पेटी घरी ठेवा. ट्रेनरकडे टायरचा गेज, पाने, धोक्याचे त्रिकोण, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी सगळं असतं. त्याच्याच वस्तूंवर शिका, त्या कुठे ठेवल्यात ते पाठ करा. तुमच्या मालकीची हवी ती डोक्याला लावायची टॉर्च, लाल दिव्याची सोय असलेली. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे दिपत नाहीत, आणि झोपलेल्याच्या तोंडावर पांढरा झोत पडत नाही. चमकदार पट्ट्यांचं जाकीट बॅगेत तळाला घालू नका, दाराशी हाताला येईल असं लटकवा.

आणि एक जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेनं. फोनमध्ये लिहू म्हणाल, पण ट्रेनर गाडी मागे घेताना जे सांगतो ते चित्र काढून ठेवायचं असतं. कुठला आरसा, कुठला कोपरा, स्टेअरिंग कधी उलटं फिरवलं. माझी पहिली वही अजून माझ्याकडे आहे.

रात्रप्रवासी

मी बाई आहे आणि अनोळखी ट्रेनरबरोबर याच वाटेने गेले आहे, म्हणून माझ्यासारख्या कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

झोपायचे कपडे असे घ्या की त्याच कपड्यांत रात्री खाली उतरून दिव्याखालून चालत जाता येईल. ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट. म्हणजे बर्थवर आडवं पडून कपडे बदलायची कसरत वाचते आणि एक जोडही वाचतो. पडद्याला आतून लावायला कपड्यांचे दोन चिमटे नेले होते, छोटी वस्तू, पण झोप शांत लागली. आंघोळीची पिशवी वेगळी ठेवा, टांगता येईल अशी. त्यातच साबण, टॉवेल, बदलायचे कपडे. थांब्यावर एकच पिशवी उचलायची नि निघायचं. सगळी बॅग उचकायची नाही.

पाळीसाठी नेहमी वापरता तेच न्या, एका पाळीपुरतं अधिक थोडं जास्त. जागा वाचेल म्हणून याच महिन्यात पहिल्यांदा कप वापरून बघू, असं करू नका. नव्या गोष्टीची सवय घरी करायची. वापरलेलं गुंडाळायला गडद रंगाच्या छोट्या पिशव्या ठेवा.

अत्तर, वासाचे स्प्रे नकोत. बंद केबिनमध्ये दुसऱ्याचं डोकं चढतं.

जुनं_स्टेअरिंगकाका, अंथरुणाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत?

जुनं_स्टेअरिंग

ताई, मी फक्त एक चादर नेत असे. जाकिटाची उशी. तरुणपणी त्यात काही वाटलं नाही.

रात्रप्रवासी

काका, आदराने सांगते, इथे माझं मत वेगळं आहे. जाकिटाच्या उशीवर मी चार रात्री काढल्या आणि पाचव्या दिवशी मान वळेना. मान वळत नसेल तर आरसे कसे बघणार? उशी न्यावी. पूर्ण आकाराची नको, लहान, दाबून गुंडाळता येणारी, स्वतःच्या अभ्र्यासकट. रजईऐवजी हलकी स्लीपिंग बॅग. तिचा फायदा म्हणजे सकाळी अर्ध्या मिनिटात गुंडाळून पिशवीत जाते, घड्या घालाव्या लागत नाहीत. आत एक पातळ चादर शिवून घातली की धुवायला फक्त चादर. कानात घालायचे फोमचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी, दोन्ही मुठीत मावतात, आणि माझ्या मते सगळ्या बॅगेत त्यांच्याइतकं काम दुसरं काही करत नाही.

लांबचा_पल्ला

मी ताईंच्या बाजूने. झोपेची वस्तू ही चैनीची वस्तू धरू नका. मोठ्या माणसाला रोज सात ते नऊ तास झोप लागते, आणि पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर आपोआप मंदावतं. तेव्हा गाडीवर असाल तर आदल्या झोपेचाच आधार.

दुसरा माणूस गाडी चालवत असताना वर झोपायची वेळ आली तर बर्थचा पट्टा किंवा जाळी लावल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. आणि डोक्याच्या बाजूला सुटी वस्तू ठेवायची नाही. पाण्याने भरलेली स्टीलची बाटली घ्या. ताशी ८० किमी वेगात गाडी कशालातरी धडकून जागीच थांबली, तर ती बाटली ज्या वेगाने पुढे येते तो २५ मीटरवरून, म्हणजे आठव्या मजल्यावरून खाली टाकल्यावर येईल तेवढा असतो. माझ्या केबिनमध्ये नियम आहे: जे जाळीत, कप्प्यात किंवा बंद बॅगेत नाही ते गाडीत नाही. सामान कमी हवं त्याचं हे सगळ्यात मोठं कारण. तीस वस्तू बांधून ठेवता येतात, शंभर नाही.

दवाखिडकी

औषधांच्या दुकानात माझा रोजचा वावर, तेव्हा थोडं माझ्याकडून.

रोजची औषधं पाच आठवड्यांची न्या, चारची नको. परतायला उशीर होतो. मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत. गोळ्या डबीत सुट्या ओतून नेल्या की तिसऱ्या दिवशी कुठली कशाची ते आठवत नाही.

सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आधी बघून घ्या. क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असलेल्या गोळीने चांगलीच गुंगी येते, आणि ही नावं खोकल्याच्या औषधांतही बारीक अक्षरांत सापडतात. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी अवजड गाडी चालवणार आहे, झोप न आणणारं द्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी उन्हात उभ्या गाडीत ते ठेवून जाऊ नये. न उघडलेलं २ ते ८ अंशांत लागतं. चालू असलेलं बहुतेक प्रकारचं ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, नेमके आकडे त्याच्या पत्रकात असतात. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्यांना वीज लागत नाही.

चष्मा असेल तर दुसरा चष्मा हवाच, तो न्यायला मागेपुढे बघू नका. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांच्या भरवशावर गॉगल मात्र वगळू नका. त्या काचा अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि गाडीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते, त्यामुळे आत बसल्यावर त्या नीट काळ्या होतच नाहीत. पोलराइज्ड गॉगलमधून काही डिजिटल पडदे काळपट दिसतात. घेण्याआधी फोनचा पडदा आडवा-उभा धरून बघा.

नवा_चालक

आज ट्रेनरना फोन केला. तुम्ही सगळ्यांनी लिहिलं म्हणून धीर आला, नाहीतर मी विचारलंच नसतं. गाडी २४ व्होल्टची. वरचा बर्थ माझा. त्यांना धुराचा आणि उग्र वासाचा त्रास आहे. छोटा फ्रीज आहे, त्यातला खालचा खण माझा. ते स्वतःच म्हणाले, "फोन करून विचारणारा तू पहिलाच."

रात्री दिवा बंद करून बॅगेची परीक्षा घेतली. पहिल्या वेळी नापास. टॉर्च शोधायला मिनिट लागलं आणि शर्ट बाहेर पडले. मग आईने जुन्या कपड्यांच्या पाच पिशव्या शिवून दिल्या. कॉर्डुरॉयची मोज्यांची, सॅटिनची औषधांची, अशा. टॉर्च बॅगेत ठेवलीच नाही, बर्थच्या कडेला दोरीने बांधणार. दुसऱ्या वेळी उरलेल्या तिन्ही वस्तू न चाचपडता निघाल्या.

कागदपत्रं: परवाना, वैद्यकीय दाखला, ट्रेनिंगची पत्रं, सगळं पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, शर्टाच्या आत गळ्यात. प्रती बॅगेत वेगळ्या, फोटो फोनमध्ये. लॅपटॉप, किटली, रजई, पेटी घरी. पुस्तक एक ठेवलं आहे, ते सोडवत नाही.

जुनं_स्टेअरिंग

पुस्तक न्या हो. माल भरायला तासन्‌तास थांबावं लागतं.

नवा_चालक

(अकरा दिवसांनी)

माल उतरतोय, तेवढ्यात लिहितो.

चार दिवसांपूर्वी आमच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. वर्कशॉपमध्ये ओढून न्यावी लागली आणि दुसरी गाडी मिळाली. ट्रेनर म्हणाले, वीस मिनिटं आहेत, सामान हलव. माझी बॅग, स्लीपिंग बॅगची पिशवी आणि बूट, एवढंच. एका फेरीत झालं. मग उरलेला सगळा वेळ त्यांचं सामान हलवायला हात दिला. कपाटातलं, बर्थखालचं, कपड्यांचे गठ्ठे, साखळ्या. त्यांच्या सामानाला आठ फेऱ्या लागल्या. पल्लाकाका, ट्रेनर वर्षातले बहुतेक दिवस ट्रकमध्येच राहतो म्हणालात ते तेव्हा समजलं. त्यांच्या मुलीने काढलेलं एक चित्र कपाटाच्या दारावर चिकटवलेलं होतं, ते त्यांनी सगळ्यात शेवटी स्वतः काढलं आणि नव्या गाडीत सगळ्यात आधी लावलं.

काय कमी पडलं: कपड्यांना अडकवायचे चिमटे. रात्रप्रवासीताईंनी दोन लिहिले होते, मला सहा हवे होते, कारण ओले मोजे हीटरच्या झोतासमोर टांगावे लागतात. दोन मीटर सुतळीसुद्धा हवी होती, ती मिळवली. ओठांना लावायचं मलम. टिश्यूचा गुंडाळा, कारण रात्री जिथे थांबतो तिथे कागद असेलच असं नाही.

काय जास्त झालं: तिसरा शर्ट. खरंच लागत नाही. आणि मधला थर, कारण अजून तेवढी थंडी मिळाली नाही, पण तो ठेवतोय.

झोप पहिल्या तीन रात्री आली नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद व्हायचा. कानात बोळे घातले तर गजर ऐकू येईना, म्हणून फोन उशीखाली थरथरण्यावर ठेवला. आता लागते.

दुसरा_गिअर

उशीखाली फोन चार्जिंगला लावून ठेवू नकोस, तापतो. थरथरणारं साधं मनगटी घड्याळ मिळतं, परत आल्यावर बघ. बॅक घेणं कसं चाललंय?

नवा_चालक

बरोबर, चार्जरवरून काढूनच ठेवतो. घड्याळाचं लक्षात ठेवतो.

बॅक घेताना पहिले पाच दिवस ट्रेलर उलट्याच बाजूला जायचा. वहीत अकरा चित्रं झाली आहेत. काल डाव्या बाजूच्या, माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला गाडी एकदाच पुढे घेऊन लावली. ट्रेनर खाली उभे होते, त्यांनी फक्त हात वर केला.

लांबचा_पल्ला

फार आनंद झाला. आता एक काम करा. अकरा दिवसांत ज्या वस्तूला एकदाही हात लागला नाही ती बाहेर काढा आणि घराजवळून गाडी गेली तर देऊन टाका. औषधं, दुसरा चष्मा, पावसाचा थर आणि कागदपत्रांच्या प्रती या चार सोडून. त्या लागल्या नाहीत तरच बरं.

नवा_चालक

काढल्या. तिसरा शर्ट, एक मोज्यांचा जोड, फोनची जादा वायर, दाढीच्या साबणाची मोठी ट्यूब. पुस्तकाला हात लागलाय, शंभर पानं झाली. धक्क्यावरचा दिवा हिरवा झाला, निघतो.